फोटोतल्या घोडीची डावी नाकपुडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात लग्नसराईचं एक मोठं छायाचित्र होतं. काळा चष्मा लावलेला नवरदेव, मागे दिव्यांच्या छत्र्या, पुढे नाचणारी पोरं आणि मधोमध सजवलेली पांढरी घोडी. फोटो चांगलाच होता. आमच्या घरी सगळ्यांनी पाहिला. सुनेनं फेट्याचा रंग पाहिला, नातवानं ढोल पाहिला, मी घोडीचं नाक पाहिलं. उजवी नाकपुडी कोरडी, स्वच्छ. डाव्या नाकपुडीखाली ओठापर्यंत पिवळट ओघळ सुकलेला. डाव्या डोळ्याखालीही ओली रेघ. बायकोला दाखवलं तर तीही म्हणाली, "अवं माय, हे त आपल्या मैनेसारखंच दिसून राहिलं."

मी घोडीवाला आहे. आजोबांचा टांगा इतवारी स्टेशनाबाहेर लागायचा, बाबांचा सीताबर्डीला. ऑटो वाढले, टांगे गेले, आम्ही वरातीकडे वळलो. आज उमरेड रोडच्या बाजूला माझ्या तबेल्यात तीन जनावरं आहेत. शिक्षण नववी. शुद्धलेखन चुकलं तर सुधारून घ्या, आणि पत्र लांबलं तर माझं घराणं कापा, पण घोडीच्या नाकाचं काही कापू नका.

त्यातली मैना नुकरी आहे, म्हणजे केस पांढरे आणि कातडी गुलाबी. वरातीला नुकऱ्या जनावराला मागणी जास्त. सारंगखेड्याच्या बाजारातून आणली तेव्हा ती चार दाती, म्हणजे चारेक वर्षांची होती. नाक गळायला लागलं तेव्हा नववं वर्ष चालू होतं. तुळशीचं लग्न लागून सीझन नुकता सुरू झालेला. डाव्या नाकपुडीतून पातळ पाणी येऊ लागलं. थंडी पडली होती, घरात सगळेच शिंकत होते, मी मनावर घेतलं नाही. पंधरा दिवसांत पाणी घट्ट झालं, मग पिवळं झालं, मग त्याला वास सुटला. तो वास ज्यानं घेतला तो विसरत नाही. पावसाळ्यात पोत्यात लसूण सडावा तसा. कुटार, म्हणजे भुसा, खायला मान खाली घातली की धार लागायची, मान वर केली की बंद. ताप मोजला तर शंभरच्या आसपास, म्हणजे घोड्याच्या मानानं काहीच नाही. खाणं बरं, चाल बरी. मग काळजी कशाची करायची?

आता मी काय काय केलं ते सांगतो, कारण आमच्या धंद्यात बहुतेकांनी हेच केलेलं असतं. ओव्याची धुरी दिली. पाण्यात निलगिरी टाकून वाफ दिली. गुळात हळद घालून चारली. औषधाच्या दुकानातून सुया आणल्या. पाच दिवस सुई चालली की नाक कोरडं, सुई संपली की आठवड्याभरात पुन्हा तेच. असं तीनदा झालं. दर वेळी वाटायचं की औषध लागू पडलं, आपणच लवकर थांबवलं. मग एका जाणत्यानं नाकात कोमट मोहरीचं तेल सोडायला सांगितलं. सोडलं. मैना अशी ठसकली की दावं तोडून गेली. दुसऱ्यानं सांगितलं, गालाच्या हाडावर डाग दे. तोही दिला. तापलेल्या सळईची ती दोन बोटांची खूण अजून आहे, तिथे केस येत नाहीत, वरातीला जाताना मी तिथे पावडर लावतो. लिहायला लाज वाटते. जानेवारीत एका वरातीत नवरदेवाच्या काकूनं घोडीला ओवाळताना नाकाला पदर लावला. त्यावर मी काय करावं? पुढच्या वरातीला मैनेच्या म्होरकीला अत्तराचा फाया बांधला.

सरकारी दवाखान्यात का नेलं नाही, असं आपले वाचक विचारतील. उत्तर एका शब्दाचं आहे: ग्लँडर्स. घोड्याच्या नाकातून पू येतो असं कुठे बोललं की आम्हां लोकांच्या पोटात गोळा येतो. हा रोग घोड्याला, गाढवाला, खेचराला होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. नाकातून चिकट पू, नाकाच्या आत फोड, जबड्याखाली गाठी, कधी पायाच्या शिरांवर फुटणाऱ्या गाठींची माळ. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा संशय आला तर कळवणं मालकाला बंधनकारक आहे. तपासणीत जनावर बाधित निघालं तर त्यावर उपचार करत नाहीत, त्याला मारून पुरतात. रोग आपल्यापासून फार दूरचाही नाही. २००६ साली देशात तो पुन्हा उफाळला तेव्हा सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली होती. आजोबा सांगायचे, पूर्वी कामठीच्या छावणीत ग्लँडर्स तपासायला घोड्याच्या पापणीत सुई टोचून ठेवायचे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळा सुजून पू आला की त्या घोड्याचं संपलं. ती गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे नाक गळणारं जनावर आम्ही दवाखान्यापासून लपवतो आणि वरातीत मिरवतो. त्याच जनावरावर नवरदेवापुढे चार वर्षांचं पोरगं बसवलेलं असतं. उलटं आहे की नाही? पण तसंच चालतं, आणि तीन महिने मीही तसंच चालवलं.

रोग सापडला तो माझ्या बायकोमुळे. तबेला झाडते ती, तोबरे धुते ती. एक दिवस मला हाताला धरून नेलं आणि गव्हाणीखाली पडलेले गोळे दाखवले. लिंबाएवढे, लाळेनं भिजलेले, अर्धवट चघळलेल्या कुटाराचे. म्हणाली, ही डाव्या बाजूनं चावतच नाही, उजव्या गालानं खाऊन राहिली. मी उभा राहून पाहिलं तर खरंच. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. डावा लगाम ओढला की मैना डोकं झटकायची. मी तिला दोन वेळा त्यापायी मारलंही होतं. घोडी माजली, असं मला वाटलं होतं.

मग ओळखीतून एक पशुवैद्य मिळाले, वयस्क, अर्धं आयुष्य घोड्यांत गेलेले. गेट उघडून आत येत असतानाच त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन महिने, साहेब. सर्दी हटतच नाही."

"एकाच बाजूनं येते का दोन्हीकडून?"

"डावीकडूनच."

"मंग सर्दी काहून म्हणता भाऊ? सर्दीले डावं-उजवं समजते का?"

हे वाक्य मी तबेल्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं आहे.

डॉक्टरांनी आधी हातमोजे घातले, तोंडाला कापड बांधलं आणि मानेच्या शिरेतून रक्त काढलं. "नमुना हिसारले जाईल, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात. तोवर हिचा तोबरा, हिची बादली, हिचा खरारा वेगळा. वरात बंद. हात साबणानं धुवा. पोरं जवळ येऊ देऊ नका." मी म्हटलं, साहेब, दाताचं दुखणं दिसते ना, मग हे कशाला? ते म्हणाले, दाताचं दिसते म्हणून ग्लँडर्स नाही असं कोणी सांगितलं? मला राग आला होता. सीझनच्या भरात पाच वराती दुसऱ्याला द्याव्या लागल्या. उत्तर येईपर्यंतच्या रात्री मी कशा काढल्या ते मलाच माहीत. रक्त स्वच्छ निघालं. आज मला वाटतं, त्या पाच वरातींच्या पैशात माझ्या नातवाची काळजी मिटली, आणि त्याहून स्वस्त काही नव्हतं. धंद्यातल्या माझ्या भावांनो, रक्त तपासून घ्या. सगळ्यात वाईट रात्र तपासणीआधीचीच असते.

बाकीची तपासणी त्यांनी तबेल्यातच सुरू केली, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ होतं काय, तर कापसाची एक वात. ती आळीपाळीनं दोन्ही नाकपुड्यांपुढे धरली. उजवीकडे कापूस चांगला हलत होता, डावीकडे कमी. मला म्हणाले, घोड्याला आपल्यासारखा तोंडानं श्वास घेता येत नाही. जे काही आहे ते नाकच. नाक अर्धं बंद असलेली घोडी मे महिन्याच्या उन्हात, पाठीवर ऐंशी किलोचा माणूस घेऊन, डीजेच्या धुरात दोन तास उभी राहते तेव्हा तिचं काय होत असेल? चाळीस वर्षं घोड्यांत राहून ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मग डोळ्याखालच्या हाडावर त्यांनी दोन बोटांनी टकटक केलं, कलिंगड पाहतो तसं. एका हातानं तोंड थोडं उघडं ठेवलं, म्हणजे आवाज मोकळा येतो. उजवीकडे पोकळ आवाज आला. डावीकडे भरल्या मडक्याचा. माझं बोट धरून माझ्याकडून वाजवून घेतलं. फरक पोरालाही कळेल इतका होता. डावा गाल किंचित फुगलेला होता, तोही समोरून पाहिला तरच दिसायचा. आम्ही जनावराला नेहमी बाजूनं पाहतो, समोरून बघतो तो फक्त नवरदेवाचा फोटोग्राफर.

शेवटी गुंगीची सुई दिली, तोंडात लोखंडी चौकट अडकवली, जबडा उघडा ठेवला आणि आत बॅटरी मारली. वरच्या डाव्या रांगेतली चौथी दाढ मधोमध चिरलेली. चिरेत कुटार ठासून भरलेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं थोडं बाहेर काढलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. तोच सडका लसूण.

पुढे एक्सरे झाला. काचेवर त्यांनी दाखवलं ते मला समजलं तसं सांगतो. घोड्याच्या तोंडाच्या हाडात, गालात आणि कपाळात, नाकाच्या दोन्ही बाजूंना पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. वर एका बाजूला सहा दाढा. त्यातल्या मागच्या दाढांची मुळं थेट या पोकळीत गेलेली असतात, मधे हाडाचा पातळ पापुद्रा. पक्क्या दाढांत चौथी सगळ्यांत आधी, वर्षाच्या शिंगरालाच येते, आणि बिघडते तीच जास्त. दाढ चिरली, मूळ कुजलं की पू पोकळीत उतरतो. पोकळीचं नाकात उघडणारं तोंड वर आणि चिंचोळं, त्यामुळे पू साचून राहतो आणि मान खाली घातली की सांडतो. एक्सरेत पोकळीच्या आत पाण्याची आडवी सरळ रेघ दिसत होती, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दिसते तशी. एकाच बाजूनं का, याचंही उत्तर त्यातच होतं. डाव्या पोकळीचा पू डाव्या नाकपुडीतूनच येणार, मधे पडदा आहे. घशाकडून किंवा फुफ्फुसातून येणारं असतं तर बहुधा दोन्हीकडून आलं असतं. सुयांनी तीन वेळा का थांबलं आणि तीन वेळा का परत आलं, तेही कळलं. सुईनं पू कमी होतो, पण कुजकी दाढ जागच्या जागीच राहते.

सगळ्याच सायनसला दाढ कारण नसते, हेही त्यांनी सांगितलं. कधी नुसत्या सर्दी-खोकल्यानंतर पोकळीत पू साचतो, तो औषधानं आणि धुण्यानं जातो. कधी आत पाण्याची गाठ वाढते, म्हाताऱ्या जनावरात कर्करोगही होतो. नाकात दुर्बीण घालून किंवा सीटी स्कॅन करून ते नेमकं कळतं. पण आधी तोंड उघडून पाहायला दुर्बीण लागत नाही, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं.

दाढ काढली ती घोडी उभी असतानाच. मला वाटलं होतं, आडवी पाडतील, बेशुद्ध करतील. गुंगी दिली, डोकं एका स्टँडवर ठेवलं, खालचा ओठ लोंबायला लागला. जागा बधिर केली. मग दोन तास चिमट्यानं दाढ इकडे-तिकडे, इकडे-तिकडे. जोर नाही, घाई नाही. मधेच चपचप आवाज यायला लागला, चिखलातून पाय काढताना येतो तसा, आणि डॉक्टर म्हणाले, आता सुटली. बाहेर आली ती दाढ माझ्या मधल्या बोटाएवढी लांब होती. घोड्याची दाढ वरून झिजते आणि खालून थोडी थोडी वर सरकत राहते, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, म्हणून ती हाडात एवढी खोल असते. ती मी बरणीत ठेवली आहे. ज्याला पाहायची त्यानं यावं.

त्यानंतर कपाळाच्या डाव्या बाजूला हाडाला रुपयाहून लहान गोल भोक पाडलं आणि त्यातून एक नळी आत सोडली, माणसाला लघवीसाठी लावतात ती, टोकाला फुगा असलेली, म्हणजे निसटत नाही. धनुर्वाताची सुई दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, छोट्या खिळ्याच्या जखमेनंही, त्यामुळे हे कोणी विसरू नये. मग रोज दोन वेळा त्या नळीतून मिठाचं पाणी सोडायचं काम आमच्यावर आलं.

बायको पाच लिटर पाणी उकळून कोमट करायची, मसाल्याच्या काट्यावर पंचेचाळीस ग्रॅम मीठ मोजायची. लिटरला नऊ ग्रॅम, कमी नाही, जास्त नाही. अंदाजे टाकलं तर आतून झोंबतं. मी घडवंचीवर उभा राहून नळीतून पाणी सोडायचो आणि ते मैनेच्या नाकातून खाली घमेल्यात पडायचं. पहिल्या दिवशी घमेल्यात पडलं ते दही. गुठळ्या. दुसऱ्या दिवशी कुटाराची एक काडी आली, कधी गेली असेल देव जाणे. चौथ्या दिवशी ताकासारखं पांढरं पाणी. सातव्या दिवशी जे पाणी वरून सोडलं तेच खाली आलं. बायकोनं घमेल्यावर वाकून वास घेतला आणि मान हलवली. बस, एवढंच. त्या दिवशी मैनेनं पहिल्यांदा मला ढुशी दिली, नाहीतर तोवर मी जवळ गेलो की कान मागे टाकायची.

भोक महिन्याभरात भरलं. तिथे छोटी खळगी आहे, पांढऱ्या घोडीला दिसतही नाही. आता खालची जी दाढ त्या रिकाम्या जागेसमोर येते ती झिजत नाही, वाढत राहते, म्हणून दर सहा महिन्यांनी तिला कानस मारून घ्यावी लागते. त्या निमित्तानं तिन्ही जनावरांचं तोंड पाहिलं जातं. दुसऱ्या घोडीच्या दाढांना धारा निघालेल्या सापडल्या, गाल आतून सोलला होता. वर्षानुवर्षं मी नालबंदाला दर महिन्याला बोलवत आलो, दाढा पाहणाऱ्याला एकदाही नाही. पायाकडे सगळं लक्ष. तोंडाचा उपयोग लगाम अडकवण्यापुरता.

लगामाचं निघालंच आहे तर सांगतो. काटेरी लगाम अजून बाजारात मिळतो आणि अजून वापरला जातो. ओझ्याच्या जनावरांबद्दलच्या १९६५ च्या नियमांपासून त्याला बंदी आहे. ज्याच्या दाढेत पू आहे त्याच्या तोंडात काटे घालून, वर तो डोकं झटकतो म्हणून चाबूक मारणारा मीच होतो. माझा लगाम काटेरी नव्हता, एवढाच काय तो फरक.

नाकातून रक्ताबद्दलही दोन ओळी. नागपूरचा उन्हाळा असा की माणसाचा घोळणा फुटतो, मग घोड्याचाही फुटणार, असं आम्ही धरून चालतो. कांदा हुंगवतो, डोक्यावर ओलं पोतं टाकतो. कामठीकडच्या माझ्या एका सोबत्याच्या घोड्याच्या नाकातून एप्रिलमध्ये बसल्या जागी रक्त आलं, तांब्याभर. थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा आलं, जास्त. त्यानंही कांदाच हुंगवला. तिसऱ्या वेळी बादलीनं आलं आणि सकाळी घोडा मेलेला. मी हे आमच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, घोड्याच्या घशाजवळ दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी त्यांच्या भिंतीतून जाते. पिशवीत बुरशी झाली की ती वाहिनी कुरतडली जाते. पहिलं-दुसरं रक्त ही सूचना असते. दुर्बिणीनं बुरशी दिसते आणि वेळेत ती वाहिनी बंद करता येते. त्या घोड्याला हेच झालं होतं असं मी म्हणत नाही, त्याचं कोणी पाहिलंच नाही. पण पळवलेलं नसताना, उभ्या घोड्याच्या नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. एका नाकपुडीतून थेंब थेंब लालसर पाणी महिनोन्महिने येत असेल तर तीही उष्णता नाही, आत रक्ताची गाठ वाढत असू शकते.

बाजारातून नवीन शिंगरू आणलं आणि त्याला ताप, दोन्ही नाकपुड्यांतून पू, जबड्याखाली सुजून फुटणारी गाठ असं दिसलं, तर तो वेगळा संसर्ग, आणि तो तोबऱ्यातून, बादलीतून, आपल्या हातातून सगळ्या तबेल्यात पसरतो. म्हणून नवीन जनावर तीन आठवडे तरी वेगळं बांधावं. आमच्याकडे जागा नसते हे खरं. माझ्याकडेही नव्हती, मी सायकल ठेवायच्या शेडमध्ये बांधलं.

आता मुद्द्याची मागणी. आमच्यापैकी बहुतेकांना ग्लँडर्सच्या धास्तीनं दवाखान्याचं तोंड बघावंसं वाटत नाही, आणि एकट्यानं जायचं धाडस होत नाही. तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आधी, शहरातल्या सगळ्या घोडीवाल्यांसाठी पशुसंवर्धन खात्यानं एक दिवस ठरवावा. फुटाळ्याजवळ किंवा कुठल्याही मोकळ्या मैदानात. रक्ताचे नमुने घ्यावेत, तोंडं उघडून दाढा पाहाव्यात, गरज पडली तर कानस मारावी. सगळे एकत्र आले की कोणाचा घोडा संशयित म्हणून कोणी बोट दाखवणार नाही. या खात्याकडे किती मनुष्यबळ आहे याची मला कल्पना आहे, त्यामुळे दर महिन्याला करा असं म्हणत नाही. वर्षातून एकदा. मी माझ्या ओळखीतले सगळे घेऊन येतो, सकाळी सहाला या म्हटलं तर साडेपाचला हजर राहतील. हे लोक रात्री एकला वरात संपवून झोपणारे असले तरी.

आणि वाचकांना: लग्नाची घोडी ठरवायला येता तेव्हा झूल कशी, बग्गी कशी, घोडी नाचते का, हे विचारता. एकदा समोर उभं राहून तिच्या दोन्ही नाकपुड्या पाहा. ओघळ आहे का, वास आहे का, एक गाल फुगलाय का. दिसलं तर घोडीवाल्याला सांगा आणि आगाऊ रक्कम देऊ नका. तो चिडेल. मीही चिडलो असतो. पण जानेवारीत त्या काकूनं पदर नाकाला लावण्याऐवजी मला चार शब्द सुनावले असते तर मैनेचा एक महिना वाचला असता.

शेवटी आपल्याला एक विनंती आहे, तीच या पत्राचं खरं कारण. आपल्या छायाचित्रकारांना एवढंच विचारा की ती वरात कोणत्या भागातली होती. नंदनवन, पारडी, जरीपटका, काहीही. आमच्या धंद्यात भाग कळला की घोडी कळते. मी स्वतः जाईन. बरणीतली दाढ सोबत नेईन, त्या भावाला दाखवीन, आणि आमच्या डॉक्टरांकडे घेऊन जाईन. त्या दिवशीचा पहिला खर्च माझा. फोटो रविवारी छापला, म्हणजे वरात शुक्रवारी किंवा शनिवारी निघाली असणार. पुढचा मुहूर्त चार दिवसांवर आहे, तेव्हा जरा लवकर कळवा.

आपला,
एक घोडीवाला
उमरेड रोड, नागपूर